बस बदलायचं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

"गाव कोणतं तुमचं?" असं कुणी विचारलं आणि मी "तेलगाव" म्हणालो, की समोरचा माणूस जरा आठवू लागतो आणि मग म्हणतो, "हां हां, जिथं बस बदलावी लागते ते!" बीड जिल्ह्यात फिरलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी तेलगावच्या चौकात उभं राहून चहा घेतलेला असतो. बीडहून वडवणीमार्गे येणारा रस्ता इथून पुढे सिरसाळ्याला आणि परळीला जातो. माजलगावहून येणारा रस्ता इथून धारूरला आणि केजला जातो. दोन्ही रस्ते आमच्या चौकात एकमेकांना ओलांडतात. त्यामुळे येणारे पुष्कळ, थांबणारा कुणी नाही. बस लागली की पेला ठेवून माणूस पळत सुटतो.

मी या गावात वीसेक वर्षं शिक्षक होतो. त्यातली पहिली अकरा वर्षं मीसुद्धा असाच चौकातून बस धरून पळणारा माणूस होतो. सुट्टी लागली की घरची मंडळी घेऊन कधी वेरूळला, कधी महाबळेश्वरला. धारूरचा किल्ला गावापासून वीस-बावीस किलोमीटरवर. त्याच्या आत मी अकरा वर्षांत एकदाही पाय ठेवला नव्हता. हे सांगायला आज लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे, कारण आज मी जे बोलणार आहे त्याची सुरुवात तिथूनच झाली.

आमच्या शाळेची सहल दर वर्षी डिसेंबरात किंवा जानेवारीत निघायची. सगळ्याच शाळांची तेव्हाच निघते. थंडी असते, पाऊस नसतो, सहामाही परीक्षा झालेली असते. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घ्यायची, पोरांकडून पैसे गोळा करायचे, वेरूळ, दौलताबाद, पैठण करून परत यायचं. सहलीची यादी करताना वर्गात निम्मी बाकं रिकामी असायची आणि त्यात आम्हाला काही विशेष वाटत नसे. बीड जिल्ह्यातल्या शिक्षकाला त्याची सवय असते. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तो हिशोब. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. सांभाळायला घरी म्हातारं माणूस असेल तर लेकरू मागे राहतं, नसेल तर तेही फडावर जातं. गुढीपाडव्याच्या आगेमागे ही मंडळी परततात, आणि तोवर सहलीचे फोटोसुद्धा जुने झालेले असतात.

२००१ सालची गोष्ट. श्रावण चालू होता. मी सहावीच्या वर्गात दौलताबादच्या किल्ल्याचा धडा शिकवत होतो आणि मोठ्या उत्साहाने सांगत होतो, की यंदाही सहल तिकडेच न्यायची आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "गुर्जी, सहल पावसाळ्यात कामून नसती? आमी हितं असतो तवा?"

मी काहीतरी उत्तर दिलं. पावसात रस्ते खराब असतात, असं काहीसं. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. ही मुलगी माझ्यापेक्षा जास्त प्रवास केलेली होती. दर वर्षी दीड-दोनशे कोस जाऊन येत होती. कृष्णा, पंचगंगा या नद्या मी नकाशात दाखवायचो, तिने त्यांचं पाणी डोक्यावरून वाहिलं होतं. मात्र कुठे नुसतं बघायला म्हणून ती आयुष्यात गेली नव्हती.

त्या वर्षी पोळा झाल्यावर आम्ही दुसरी सहल काढली. लांब जायला पैसे नव्हते, म्हणून जवळ. सकाळी निघून संध्याकाळी परत, किल्ले धारूर.

मंडळी, तेलगावहून धारूरला जाणारा रस्ता हा मला आता जिल्ह्यातला सर्वांत शिकवणारा रस्ता वाटतो. तेलगाव सपाटीवर आहे. ही गोदावरीच्या खोऱ्याची, आमच्या भाषेत गंगथडीकडची जमीन. माती काळी, चिकट, पावसात चपलेला किलोभर चिकटणारी. गावाजवळ साखर कारखाना, आजूबाजूला ऊस. आपण दक्षिणेकडे निघालो की थोड्याच वेळात समोर डोंगराची एक लांब भिंत दिसू लागते. ही बालाघाटची रांग. मग धारूरचा घाट सुरू होतो. वळणं अरुंद आहेत, समोरून उसाची किंवा कापसाची गाडी आली तर जपून जावं लागतं. घाट चढताना रस्त्याच्या कडेला कापलेला डोंगर बघत राहा. काळ्या पाषाणाचे थर एकावर एक बसलेले दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस पुनःपुन्हा वाहून थिजला, त्याचे हे थर. वर पोचलात की मातीचा रंगच बदललेला असतो. तांबूस, मुरमाड, हलकी माती. पाऊस पडला की पाणी मुरण्याआधीच उताराने निघून जातं. उत्तरेकडे उतरलेलं पाणी गोदावरीला, दक्षिणेकडचं मांजरेला. डोंगरमाथ्यावरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला थांबलेलं पाणी फार थोडं येतं.

वीस किलोमीटरमध्ये तुम्हाला हे सगळं गाडीच्या खिडकीतून दिसतं. आमच्या जिल्ह्यातली इतकी माणसं दर वर्षी कोयता घेऊन का निघतात, याचं निदान अर्धं उत्तर त्या घाटात आहे. उरलेलं अर्धं मुकादमाच्या वहीत असतं, तो वेगळा विषय.

आमची गाडी घाटात पोचली आणि पाऊस सुरू झाला. मी घाबरलो. पोरं खिडक्यांना तोंडं लावून ओरडत होती. धारूरला उतरलो तोवर पाऊस उघडला होता आणि किल्ल्याच्या तटावर हिरवं गवत चमकत होतं.

हा किल्ला १५६७ च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार किश्वरखान लारी याने बांधला. निजामशाहीच्या तोंडावर बांधलेला हा किल्ला, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात खुंटी ठोकण्यासारखाच प्रकार. निजामशहाने दोनच वर्षांत तो घेतला आणि किश्वरखान त्यात मारला गेला. पुढे १६३१ मध्ये शहाजहानच्या फौजांनी धारूर जिंकलं. फतेहाबाद असंही या गावाचं नाव होतं आणि त्या नावाची नाणी आहेत. आज गावात फिरताना हे कुणाला सांगून पटणार नाही, पण एके काळी दख्खनच्या राजकारणात धारूरला वजन होतं. घाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात गोदावरीच्या खोऱ्यातून वर यायची वाट.

मी हे सगळं आदल्या रात्री वाचून गेलो होतो आणि पाठ केल्यासारखं सांगत होतो. पोरं ऐकत नव्हती. ती तळ्याकडे पळाली होती. किल्ल्यात पाण्याची जुनी सोय आहे. खारी दिंडी, गोडी दिंडी अशी नावं तिथं ऐकायला मिळतात. मी मागोमाग गेलो, तर एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता, "हितं कोप्या घालायला बेस जागा हाय. पाणी हाय, सरपण हाय, आन् वारं बी आडतंय." ऊसतोडीची माणसं फडाजवळ पाचटाच्या ज्या झोपड्या घालतात, त्यांना कोप्या म्हणतात. त्या पोराने जन्मापासून दर वर्षी नव्या जागी कोपी घातलेली बघितली होती. मुक्कामाची जागा कशी निवडायची हे त्याला माहीत होतं. आधी पाणी, मग आडोसा, मग वाट.

मी इतिहासाचं पाठांतर सोडलं आणि त्यालाच विचारलं, "बरं, मग शत्रू कुठून येईल?" त्याने सगळीकडे बघितलं. तीन बाजूंना दरी. गावाकडची एकच बाजू सपाट. "तिकडून," तो म्हणाला. आणि त्याच बाजूला खंदक आहे हे पोरांना मग मी दाखवावं लागलं नाही, ती आधीच तिकडे निघाली होती. इतकी वर्षं किल्ल्यांचे धडे शिकवून जे मला सांगता आलं नव्हतं, ते त्या दिवशी दहा मिनिटांत झालं.

त्यानंतर दर वर्षी भाद्रपदात आम्ही जवळची एक सहल काढू लागलो. माझी वही भरत गेली. ती वही आज तुमच्यापुढे थोडी उघडतो.

त्याआधी एक आठवण. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. तिथं सुट्टीत माणसं गाडी काढून हजार-हजार मैल जातात, हे त्याच्याकडून मी ऐकत असतो. मी त्याला म्हणायचो, तुमच्याकडे काय बाबा, रस्ते चांगले, बघायला पुष्कळ. तर तो म्हणाला, "गुरुजी, तसं नाही. मोठ्या रस्त्यावर काहीच दिसत नाही. खरी गावं जुन्या रस्त्यावर राहिलीत." त्याने मला रूट ६६ या रस्त्याची हकिगत सांगितली. शिकागोपासून कॅलिफोर्नियापर्यंत जाणारा हा १९२६ सालचा रस्ता. मोठे महामार्ग झाले आणि १९८५ मध्ये तो सरकारी यादीतून वगळला गेला. रस्त्याकाठच्या गावांचा धंदा बसला. आता लोक मुद्दाम वाट वाकडी करून तीच गावं बघायला जातात. तिथल्या विल्यम लीस्ट हीट-मून नावाच्या लेखकाची नोकरी गेली, तेव्हा १९७८ मध्ये तो आपली गाडी घेऊन लहान रस्त्यांनीच सगळा देश फिरला, तेरा हजार मैल. त्यावरच्या पुस्तकाचं नाव 'ब्ल्यू हायवेज', कारण जुन्या नकाशांत लहान रस्ते निळ्या रेघेने दाखवलेले असत. हे ऐकल्यावर मी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढला आणि तेलगावच्या चारी बाजूंच्या बारीक रेघा पहिल्यांदा नीट बघितल्या.

तर वहीतली पहिली वाट अशी. तेलगाव, धारूर, तिथून आडसमार्गे अंबाजोगाई, मग परळी आणि सिरसाळ्यावरून परत तेलगाव. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतात. गाडी असेल तर एका दिवसात होतं, पण माझं ऐकाल तर अंबाजोगाईला मुक्काम करा.

अंबाजोगाईला योगेश्वरी देवी आहे, हे मी कोकणातल्या आणि पुण्यातल्या वाचकांना सांगायची गरज नाही. कोकणस्थांची ही कुलदेवता. लांबून मंडळी येतात, ओटी भरतात, अभिषेक करतात, प्रसादाचं जेवतात आणि दुपारच्या गाडीने परततात. मला या मंडळींचं फार वाईट वाटतं. देवळापासून थोड्याच अंतरावर मराठी भाषेचं निम्मं बालपण पडलेलं आहे आणि ते न बघता ती जातात.

गावाबाहेर दरीच्या अंगाला मुकुंदराजांची समाधी आहे. 'विवेकसिंधु' हा त्यांचा ग्रंथ शके १११० मधला, म्हणजे ११८८ सालचा मानतात. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. या तारखेवर विद्वानांचे वाद आहेत, ते असू देत. पावसाळ्यात तिथं उभं राहिलं, की खाली हिरवी दरी, वर ढग, आणि आपण जी भाषा बोलतो ती इथं कुणीतरी पहिल्यांदा ग्रंथासाठी वापरली असेल, एवढं मनात आलं तरी अंगावर काटा येतो.

दुसरे दासोपंत. १५५१ चा जन्म, १६१५ मध्ये इथंच समाधी. या गृहस्थांनी लिहिलं किती, तर एकट्या 'गीतार्णवा'च्या सव्वा लाख ओव्या सांगतात. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी कापडावर लिहिलं. ती दासोपंतांची पासोडी. चाळीसेक फूट लांब, चार फूट रुंद. वेदान्तातलं पंचीकरण त्यांनी तिच्यावर ओव्या लिहून, चौकटी आणि आकृत्या काढून समजावलं आहे. मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण मला ती पोथीपेक्षा वर्गात टांगायच्या तक्त्यासारखी वाटली. चारशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाला वाटलं, की नुसतं सांगून कळत नाही, काढून दाखवलं पाहिजे. पासोडी दासोपंतांच्या घराण्याने जपलेली आहे. कापड जीर्ण आहे. बघायला मिळेलच असं नाही, आधी चौकशी करून जावं आणि हट्ट धरू नये.

तिसरं ठिकाण हत्तीखाना. जयंती नदीच्या काठी खडकात कोरलेली लेणी आहेत, आवारात दगडी हत्ती आहेत. लोक सांगतात, की योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैद्यनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि देवीचं सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं. हे ते वऱ्हाड. आमच्या पोरांना ही गोष्ट अतिशय आवडली. एका पोराने विचारलं, "मंग नवरदेवाकडच्यांचं काय झालं?" मला उत्तर आलं नाही. याच गावात खोलेश्वराचं देऊळ आहे. खोलेश्वर हा यादव राजा सिंघणाचा सेनापती. यादवकाळातले शिलालेख या गावात जागोजाग आहेत. आणि आपल्या काळाच्या जवळचं बघायचं तर स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिलढ्यात पडण्यापूर्वी इथल्याच शाळेत मुख्याध्यापक होते. तेव्हा या गावाचं नाव मोमिनाबाद होतं.

वेळ असेल तर अंबाजोगाईहून धर्मापुरीला जा. केदारेश्वराचं देऊळ आहे, बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. गावात किल्ला आहे आणि त्याच्या तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड आडवेतिडवे बसवलेले सापडतात. पोरांना ते शोधायला लावा, दोन तास कुठे जातात कळत नाही. परळीचं मी सांगत नाही, ज्योतिर्लिंग सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरी वाट सोपी, आणि मला अधिक जवळची. तेलगावहून उत्तरेला माजलगाव, तिथून गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी. वाटेत माजलगावचं धरण लागतं. सिंदफणा नदीवरचं हे धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं. नाथसागराचं पाणी उजव्या कालव्याने एकशे बत्तीस किलोमीटर चालत येऊन यात पडतं, म्हणजे पैठणचं पाणी आमच्या दारात. भरलेलं असताना पलीकडचा काठ दिसत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मात्र आम्ही त्याचा तळ पाहिला आहे. थंडीत सकाळी लवकर गेलात तर पाण्यावर पक्षी दिसतील. पाण्यात उतरायचा मोह मात्र कुणीही करू नये, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. पुढे ही सिंदफणा मंजरथला गोदावरीला मिळते. संगमावर संध्याकाळी बसण्यासारखी जागा आहे.

पुरुषोत्तमपुरीला पुरुषोत्तमाचं देऊळ आहे. अधिक महिन्याला आपण पुरुषोत्तम मास म्हणतो, त्यामुळे साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी या लहानशा गावात माणूस मावत नाही. गोदावरीत स्नान करायचं, पुरण भरलेले धोंडे देवाला दाखवायचे. जावयाला तेहतीस अनारसे द्यायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे, इथं प्रत्यक्ष देवाचाच मान. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. पण मी तुम्हाला उलटा सल्ला देईन. गर्दीचा महिना सोडून जा. मग देवळात तुम्ही आणि पुजारी एवढेच असाल.

या गावाने इतिहासाला एक मोठी वस्तू दिली आहे, ती म्हणजे रामचंद्रदेव यादवाच्या काळचा ताम्रपट. शके १२३२, म्हणजे १३१० सालचा. वा. वि. मिराशी यांनी त्याचं वाचन करून प्रसिद्ध केलं. राजाचा मंत्री पुरुषोत्तम याने ब्राह्मणांना अग्रहार दिला आणि त्याला आपलंच नाव दिलं, ती ही पुरुषोत्तमपुरी. आता सालाकडे लक्ष द्या. देवगिरीवर अल्लाउद्दीनाची स्वारी होऊन चौदा-पंधरा वर्षं झालेली आहेत. राजा दिल्लीचा मांडलिक झाला आहे. पुढच्या सात-आठ वर्षांत यादवांचं राज्यच संपणार आहे. आणि ताम्रपटात राजाच्या पराक्रमाचं वर्णन काय, तर त्याने वाराणसी म्लेंच्छांपासून सोडवली आणि तिथं शार्ङ्गधराचं सोन्याचं देऊळ बांधलं. बुडत्या राज्यातल्या कारकुनाने हे तांब्यावर कोरायला दिलं तेव्हा त्याच्या मनात काय असेल, याचा मी गोदावरीच्या पायऱ्यांवर बसून पुष्कळदा विचार केला आहे. राज्य गेलं. अग्रहार गेला. गावाचं नाव तेवढं सातशे वर्षं जसंच्या तसं राहिलं.

तिसरी वाट लांबची. तेलगावहून बीड आणि पुढे पाटोद्याकडे. बीडमध्ये तळ्याच्या मधोमध उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ चुकवू नका. गावाबाहेरची खजाना विहीर १५८२ च्या सुमारासची, निजामशाहीच्या काळातली. राजा भास्कर नावाच्या जाणकाराने ती बांधली असं सांगतात. विहिरीतून जमिनीखालच्या नळांनी पाणी थेट शेतांपर्यंत नेलेलं. मोट नाही, पंप नाही, नुसता उतार. पाटोदा तालुक्यात नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे, १९९४ मध्ये जाहीर झालेलं. त्याच रोखाने पुढे सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा आणि खाली रामेश्वराचं देऊळ. धबधबा पाऊस चांगला झाला तरच, नाहीतर नुसता कडा बघून यावं लागतं. आम्ही एकदा तसं आलो आहोत.

आता थोडं व्यवहाराचं. या वाटांवर वाटाड्या मिळत नाही, माहितीचा फलक असेलच असं नाही, आणि जेवण चांगलं मिळेल याची मी हमी देत नाही. भाकरी, पिठलं, ठेचा घरून बांधून न्या. मुली आणि बायका बरोबर असतील तर स्वच्छतागृह कुठे आहे याची चौकशी निघण्यापूर्वी करा. पुरुष शिक्षकांना हे सुचत नाही, मलाही पहिल्या सहलीत सुचलं नव्हतं आणि मुलींचे हाल झाले. चैत्र-वैशाखात अजिबात येऊ नका, किल्ल्यातले दगड तव्यासारखे तापतात. श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंतचा काळ उत्तम. दिवाळीच्या आसपास आलात तर बालाघाटातली सीताफळं मिळतील. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला त्याआधीही ते गोडच लागायचं. पाटीवाल्या बाईशी घासाघीस करू नका, ती पहाटे डोंगरात जाऊन ती फळं उतरवून आणते. एसटीने फिरायचं असेल तर शेवटची गाडी किती वाजता, हे उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. २०२५ च्या १७ सप्टेंबरला बीडला रेल्वे आली, त्यामुळे अहिल्यानगरकडून येणाऱ्यांना एक वाट वाढली आहे.

आणि शाळेतल्या माझ्या शिक्षक बंधूभगिनींना एक विनंती. लांबची सहल काढा, जरूर काढा. पण वर्षातून एक सहल पोरं गावात असताना काढा. भाद्रपदात एक कोरडा दिवस सापडतोच.

२०२३ च्या अधिक महिन्यात मी पुरुषोत्तमपुरीला गेलो होतो. माझाच सल्ला मोडून, गर्दीत. काठावर एका बाईने हाक मारली, "गुर्जी!" मला ओळख पटेना. पदर सावरत म्हणाली, "सहल पावसाळ्यात कामून नसती, ती मी." बरोबर नवरा होता, हातात धोंड्यांचा डबा होता, आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा नदीत खडे मारत होता. दसऱ्यानंतर याही वर्षी जायचंय का, असं मी विचारलं. "जावं तर लागंलच," ती म्हणाली. "पर कालच ह्याला धारूरला नेऊन आणलं. किल्ल्यात हिंडू हिंडू पाय दुखले ह्याचे. गुर्जी, त्या तळ्यावर अजून तशीच गार हवा लागती बगा."

मुलाने नदीतून मागे वळून विचारलं, "आये, आता दुसरा किल्ला कुठं हाय?" ती माझ्याकडे बघू लागली. मी पिशवीतून वही काढली आणि धर्मापुरीची वाट सांगायला लागलो.